आप्पांचा उपसागर

"समुद्र तापला की न्हाई?" स्टाफरूममध्ये पाऊल टाकताच आप्पा विचारायचे. इथं नळ कोरडे पडलेले आणि ह्यांना समुद्राची चिंता!

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, पाऊस मात्र नव्या जिल्ह्यात यायला तयार नव्हता. आप्पा आमच्या शाळेत भूगोल शिकवत. कपाळावर भस्म, काखेत नकाशा, आणि उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेल.

चहाच्या बशीवर फुंकर मारत ते आम्हा बाकीच्या मास्तरांना वादळ समजावत. "ऊन पाण्याची वाफ खाऊन वादळ माजतंय. माजलं की समुद्र घुसळतंय. खालचं गार पाणी वर आलं की मग त्याचाच जोर जातोय. ज्याचं खाल्लं त्यालाच गार करायलंय बघा!"

"आप्पा, चहा निवला."

"तेच तर सांगायलोय!"

उपसागरात वादळ उठलं की त्याचा उरलासुरला पाऊस आपल्याकडे येतो, हे त्यांचं लाडकं गणित. रेडिओवर कमी दाबाचा पट्टा आला, की घरात सोयरीक जमल्यासारखे खुलायचे.

त्या दिवाळीच्या आधी वादळाची बातमी आली. आम्ही ओरडलो, "आप्पा, आलं तुमचं वादळ!"

ते हसले नाहीत. नकाशा उलगडून आंध्रच्या किनाऱ्यावर बोट ठेवलं. "माझी लेक हाय हो इथं." जावई तिथं बंदरात नोकरीला होता, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

दोन दिवसांनी लातुरात पाऊस कोसळला. डाळमिलचे हमाल रस्त्यावर येऊन भिजले. आप्पा पोस्टात ट्रंक कॉलसाठी ताटकळले. लाइन काही लागेना. शेवटी भिजतच त्यांनी हैदराबादची बस धरली.

पंधरवड्यानं परतले. लेकीच्या घराचं छप्पर गेलं होतं, माणसं वाचली होती. आमच्यातल्या एकानं हळूच विचारलं, "समुद्र कसा होता, आप्पा?"

"हात घालून पाहिला. गार व्हता." मग काखेतला नकाशा टेबलावर ठेवला. "किनाऱ्यावर एक बाई बसून व्हती. घरातलं कुणीच उरलं न्हाई तिचं. त्याच वादळाच्या पावसावर आमची ज्वारी तरली, हे कोणत्या तोंडानं सांगू तिला?"

त्यानंतर त्यांना कुणी चिडवलं नाही. खरं सांगायचं तर न चिडवणं आम्हालाच जड गेलं.

उन्हाळ्यात आप्पा निवृत्त झाले आणि लेकीकडेच राहायला निघाले. मी स्टँडवर पोचवायला गेलो. शेजारी ज्वारीचं भरलेलं पोतं. टपावर चढवताना कंडक्टर वैतागला, "अहो काका, तिकडं समदे भात खातेत. ज्वारी कशाला नेताव?"

आप्पांनी पोत्याची सुतळी पुन्हा एकदा आवळली.

"खाऊन तर बघू द्या. त्यांच्याच पावसाची हाय."