छातीवर बसून खाल्लेलं पान

माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नाही. मुलांना नाही, ज्या शाळेत उभा जन्म काढला तिथल्या कोणाला नाही. मारुतीच्या देवळात हात जोडतो तेव्हाही या गोष्टीपाशी आलो की मी हळूच बाजूला सरकतो — म्हणजे त्यालाही सांगितलेली नाही, असंच समजा. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा इतकी वर्षं एकट्यानं चघळून आता जबडा दुखायला लागला, म्हणून असेल. पण मला पश्चात्ताप झालाय असं लगेच धरून चालू नका.

मी पी.टी. मास्तर होतो, भंडाऱ्याच्या एका हायस्कुलात. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. सेवानिवृत्तीच्या दिवशी हेडमास्तर भाषणात म्हणाले, या माणसानं कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही. मी गळ्यात हार घालून बसलो होतो. मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती विनय आहे! मी मात्र त्या वेळी एकाच माणसाचा विचार करत होतो.

त्याचं नाव तुळशीराम.

आम्ही दोघंही मोहाडी तालुक्यातल्या करडीचे. तो माझ्याहून थोडा लहान. गावात तलावाच्या पाळीखाली आमचा अखाडा होता. कौलारू छप्पर, कोपऱ्यात मारुती, आणि मधे माती — ताक, हळद, तेल घालून आम्हीच मळलेली. उस्तादांचा तिथला एकच कायदा होता. कुस्ती संपली की दोघांनी चिमूटभर माती उचलायची आणि एकमेकांच्या कपाळाला लावायची. माती लागली की भांडण संपलं. "मातीतलं मातीत," उस्ताद म्हणायचे, "दाराबाहेर कोणी नेलं तं त्याले पुन्हा माती लागणार नाही." हा कायदा सगळे पाळत. भावाभावांत बांधावरून डोकी फुटत होती, पण अखाड्यातलं वैर कोणी घरी नेल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मी नेलं. पहिला मीच असेन.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. नागपंचमीची कुस्त्यांची दंगल, धानाच्या रोवण्या आटोपत आलेल्या, त्यामुळे माणसं मोकळी. आजूबाजूच्या गावांतूनही लोक आले होते. माझी कुस्ती तुळशीरामशी लागली. त्यानं मला चीत केलं — त्याचं काही नाही, कोणीतरी चीत होणारच. त्याच्या अंगात माझ्यापेक्षा जोर होता, हे मी तेव्हाही मानत होतो. पण शिट्टी वाजल्यावरही तो उठला नाही. माझ्या छातीवर मांडी घालून बसला, मिशीवरून हात फिरवला आणि गर्दीकडे पाहून ओरडला, "अरे, पान आना ना कोणी! बसाले जागा मस्त भेटली!"

आणि कोणीतरी पान आणलं हो! त्यानं ते माझ्या छातीवर बसून, सावकाश, चुना बरोबर आहे की नाही ते पाहत खाल्लं. मी खाली. माझ्या तोंडात माती. सगळी दंगल हसत होती. उस्ताद आधी रागावले, मग त्यांनाही हसू आवरेना. गर्दीत पुढेच माझा बाप उभा होता. तोही हसला.

त्या दिवसापासून माझं नाव पाट पडलं. बसायचा पाट. तलावावर जाताना पोरं म्हणायची, पाट आला रे, पाट आला. लग्नाच्या पंगतीत पानाचं ताट फिरलं की माझ्यापाशी येऊन जरा थांबायचं आणि चार माणसं खाली बघून खुसखुसायची. मी पान खाणंच सोडलं. साऱ्या गावाला ठाऊक होतं की हा पानाला शिवत नाही, आणि का शिवत नाही तेही ठाऊक होतं. तुळशीरामलाही.

मग त्याला वैरी म्हणायचं का? तेही नाही, हीच तर गंमत. त्यानं त्याच दिवशी माझ्या कपाळाला माती लावली, माझ्याकडून लावून घेतली आणि त्याच्यापुरतं सगळं मिटलं. माझ्या घरी येऊन माझ्या मायच्या हातचा चहा प्यायचा. बैल अडला की हाक मारायच्या आत हजर. त्याच्या पोटात काही नव्हतं. माझ्या पोटात मात्र होतं. नागपंचमीलाच मी डूख धरला होता, आणि नागासारखाच तो जपला.

मी मॅट्रिकनंतर अमरावतीला गेलो. तिथं शारीरिक शिक्षणाचा वर्षाचा कोर्स केला — सरकारमान्य. लेझीम, मल्लखांब, कबड्डीचे नियम, वर्गासमोर पाठ कसा घ्यायचा ते सगळं. परत आलो आणि भंडाऱ्याला चिकटलो. करडीला गेलो की पोरं आता पाट म्हणत नसत. तुळशीराम मला "मास्तर" म्हणू लागला. अरे-तुरेचा आमचा जुना सराव, पण तो तुम्हीवर आला. एवढ्यानं माझं समाधान व्हायला हवं होतं ना? नाही झालं. ज्यानं छातीवर बसून पान खाल्लं त्यानं तुम्ही म्हटलं, म्हणून छातीवरचं वजन थोडंच उतरतं?

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आमच्या शाळेत मुली वाढल्या, तुकड्या वाढल्या आणि पी.टी.ची आणखी एक जागा निघणार असं बोललं जाऊ लागलं. ते तुळशीरामच्या कानावर गेलं. तो मॅट्रिक झालेला होता — घासून, पण झालेला. शरीर तर असं की उभा राहिला की पोरांनी आपोआप रांग लावावी. फक्त कोर्स नव्हता. आणि नोकरीत लागायच्या वयाची मर्यादा त्याच्या अगदी जवळ येऊन ठेपली होती. ही एकच संधी होती त्याला. ते त्यालाही कळत होतं आणि मलाही.

तो मला भेटायला भंडाऱ्याला आला. एस.टी.तून उतरून सरळ माझ्या खोलीवर. दोन माहितीपत्रकं आणली होती. एक माझ्याच अमरावतीच्या कोर्सचं, काळ्या शाईतलं, साधं. दुसरं नागपूरचं — तिथं कोणीतरी नवीनच हेल्थ क्लब काढला होता. तीन महिन्यांत जिम इन्स्ट्रक्टर! डंबेल्स, लोखंडी मशिनी, तेल लावलेल्या पहिलवानाचा फोटो, खाली सोनेरी पट्टी. क्लबात शिकवायला तो कोर्स ठीक होता, मी त्याला खोटा म्हणत नाही. पण शाळेत त्याला कवडीची किंमत नव्हती. शाळेत फक्त सरकारमान्य लागायचा. हे मला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं करडीत कोणालाच नव्हतं.

"मास्तर, तुम्ही शिकून आले. सांगा ना, कोणता करू? तुम्ही म्हणान तो करतो."

बघा, काय झालं ते. त्याच्या जागी दुसरा कोणीही असता तर माझ्याकडे आला नसता. ज्याला चारचौघांत असं लोळवलं, त्याला आपल्या पोटाचा प्रश्न कोण विचारतो? पण तुळशीरामच्या लेखी आमच्या कपाळाला माती लागली होती. तो विषय संपलेला होता. माझा शब्द त्याला गुरुभावाचा शब्द होता आणि गुरुभावाचा शब्द दुसऱ्याकडे जाऊन पडताळून पाहायची आमच्याकडे पद्धत नाही.

मी दोन्ही पत्रकं हातात घेतली. वाचल्यासारखं केलं. तेव्हा मनात काय होतं? तुम्हाला वाटेल, मी झगडलो असेन. अजिबात नाही. मला इतका आनंद झाला होता की तो तोंडावर दिसू नये म्हणून मी पत्रकांतून मान वर काढली नाही.

"अमरावतीले साल कायले वाया घालवतं?" मी म्हटलं. "नागपूरचा कर. सरकारात आता दोन्ही चालते."

"पक्कं ना जी?"

"अरे, मी सांगून राहिलो ना तुले."

तो हसला. वाकून माझ्या पायाला हात लावला — माझ्या! मी त्याला जेवून जा म्हटलं. तो जेवला. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते मी त्याला आग्रहानं वाढत वाढत केलं.

पुढं तुम्हाला कळलंच असेल. तो नागपूरला गेला, कोर्स केला, पहिला आला म्हणे. जागा निघायला उन्हाळा उजाडला. मुलाखतीला तो सर्टिफिकेट काचेत मढवून घेऊन आला, छातीशी धरून. विषयाचा जाणकार म्हणून हेडमास्तरांनी मलाही आत बसवलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी ते सर्टिफिकेट पाहिलं, बाजूला सरकवलं आणि विचारलं, "हा कोर्स शाळेत चालत नाही, हे माहीत नव्हतं तुम्हाला? कोणी सांगितलं होतं हा करायला?"

तुळशीरामनं माझ्याकडे पाहिलं नाही. "कोणी नाही जी," तो म्हणाला. "माह्या मनानंच केला."

त्यानं मला वाचवलं. भर मुलाखतीत, सहज, काही उपकार करतोय असं न दाखवता. तुम्ही म्हणाल, इथं तरी मला लाज वाटली असेल. नाही — मला चीड आली! इतकी वर्षं वाट पाहून मी त्याला खाली पाडलं होतं, आणि खाली पडल्या पडल्यादेखील तोच मोठा ठरला होता. पुन्हा माझी पाठ जमिनीला लागली होती. त्याची मेहरबानी कोणी मागितली होती?

इथवरचं सांगणं तसं सोपं होतं. रागाच्या भरात माणूस खोटं बोलतो, असं म्हणून तुम्ही सोडूनही दिलं असतं. पण मला सांगायचं आहे ते पुढचं आहे.

मुलाखत संपल्यावर तो शाळेच्या कडुलिंबाखाली माझी वाट पाहत थांबला होता. सर्टिफिकेट झाडाला टेकवून ठेवलेलं. एका शब्दानं मला बोलला नाही. म्हणाला, "मास्तर, चुकलं असन तुमच्याकडून, होते असं. पण आता अमरावतीले गेलो तं? कोर्स करून आलो तं वयात बसीन का मी?"

तो बसत होता. काठावर, पण बसत होता. मला ठाऊक होतं, कारण मी आधीच हिशेब करून ठेवला होता — नेमकी हीच भीती होती म्हणून. अमरावतीचे प्रवेश जूनमध्ये. तो त्याच आठवड्यात निघाला असता, तर पुढच्या जागेला त्याला कोणी अडवलं नसतं. आणि या वेळी मी रागात नव्हतो. चांगला शांत होतो, सावलीत उभा होतो, समोर माझ्यावर अजूनही विश्वास ठेवणारा माणूस होता.

"नाही बसत तू," मी म्हटलं. "वय निंगून गेलं तुह्यं."

त्यानं मान हलवली. "बरं झालं विचारलं," तो म्हणाला. "नाही तं आणखीन एक साल गेलं असतं."

मग तो भंडाऱ्यातच एका राईस मिलमध्ये हमाल म्हणून लागला. अखाड्यात कमावलेल्या पाठीवर पोती वाहू लागला. मी शाळेत जाता-येता त्याला पाहायचो. मुद्दाम त्या रस्त्यानं जायचो, खरं सांगायचं तर. तो हात वर करायचा, मी शिट्टीच्या दोरीशी खेळत मान हलवायचो.

ऐंशीच्या दशकात, माझं लग्न झाल्यावर, एकदा त्या मिलमधून आमच्याकडे तांदळाचं पोतं यायचं होतं. ते घेऊन तोच आला. पोतं आत नेऊन ठेवलं, कोंड्यानं भरलेलं अंग झटकलं आणि ओसरीच्या पायरीवर टेकला. बायकोनं पाणी दिलं. तिला पानाची सवय, म्हणून डबा तिथंच होता. मी खुर्चीवर बसलो होतो. तो खाली. मी डबा ओढला, पान लावलं, चुना बरोबर आहे की नाही ते पाहिलं आणि त्याच्याकडे बघत बघत सावकाश चावायला लागलो. ठरवून केलं नव्हतं. पण हाताला सगळं पाठ होतं.

त्यानं पेला तोंडापासून खाली घेतला.

"तुम्ही तं पान खात नव्हते, मास्तर."

"आता खातो."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी चावत राहिलो. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि मला कळलं की त्याला कळलं. नागपूर कळलं, कडुलिंबाखालचं कळलं, सगळं. मी याच क्षणाची तर वाट पाहिली होती — तो आता ओरडेल, शिवी देईल, अंगावर येईल.

त्यानं पेला पायरीवर नीट ठेवला.

"पहिलेच सांगाचं ना जी," तो म्हणाला. "मी अखाड्यात झोपलो असतो तुमच्यासमोर. बसले असते तुम्ही छातीवर."

आणि गेला. पुन्हा आमच्या घरी आला नाही, आणि रस्त्यात दिसला तर हात वर केला नाही. करडीच्या अखाड्यात मीही परत पाय ठेवला नाही. त्याच्यापाशी जाऊन काही बोलावं असं मनात आलं, तेव्हा मी गेलो नाही. आता जाणार नाही.

ते पान मी थुंकलं नाही. तो फाटकाबाहेर दिसेनासा होईपर्यंत चावलं, सगळं गिळलं. गोड लागलं होतं.