अकरा एकांचा भागाकार

सुगरा सातवीत असताना गणपतराव मास्तरांनी फळ्यावर एकापुढं एक असे अकरा एक लिहिले. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. "ह्याला कशानं पुरा भाग जातो ते शोधा," म्हणाले आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. तास संपला, उत्तर कुणालाच आलं नाही. पुढच्याच आठवड्यात बापानं सुगराला शाळेतून काढलं.

लग्न होऊन ती मंगळवार पेठेत आली. नवरा अमीन पुस्तकं बांधायचा, ती छापील कागदांचे फर्मे दुमडून दोऱ्यानं शिवायची. १९६८ साली एकदा छाटणीतल्या कागदाच्या पट्टीवर तिनं ते अकरा एक लिहिले आणि सातानं भाग देऊन पाहिला. गेला नाही. अकरानं नाही, तेरानं नाही. सम आकडे तिनं सोडले, पाचाचे सोडले, अंकांची बेरीज करून तिनाचेही सोडले. उरलेले एकेक घेत राहिली. दिवसाला दोन भागाकार, कधी तीन. बाळंतपणात तेवढा खंड पडला.

"ह्यातनं काय मिळणार हाय?" अमीन विचारायचा.

"मिळंल तवा बघू की."

नऊ वर्षांनी २१,६४९ नं भाग गेला. वर आले ५,१३,२३९, बाकी शून्य. तिनं उलटा गुणाकार तीनदा करून पाहिला. मग इस्त्रीचं लुगडं नेसून मास्तरांचं घर गाठलं.

मास्तर आता निवृत्त झाले होते. पट्टी बघून त्यांनी कपाटातलं जाड पुस्तक काढलं आणि पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. तेच दोन आकडे छापलेले होते.

"म्हंजे तुमास्नी तवाच ठावं हुतं?"

"व्हय की. पोरं गप बसावीत म्हणून घातलं हुतं. आणि सगळे आकडे कशाला बघितलंस? बाविसाच्या पटीत एक मिळवायचा, तेवढेच बघायचे. हजार भागाकारांच्या आत उत्तर आलं असतं. वरसाचंसुदीक काम न्हवतं."

"हे आमाला का न्हाई शिकवलं?"

"तू शाळा सोडलीस की."

"सोडली न्हाई. बा तुमास्नी इचारायला आलता, तवा तुमी म्हणलासा, पोरीला शिकवून काय करतोस."

मास्तरांना ते आठवत नव्हतं. त्यांनी चहा घे म्हटलं. ती न घेताच उठली.

घरी येऊन तिनं दोन्ही आकड्यांतून एक वजा केला, बाविसानं भाग दिला. दोन्ही वेळा बाकी उरली नाही. नियमात खोट निघाली असती तर बरं वाटलं असतं. त्यानंतर तिनं हिशेबाच्या पट्टीला हात लावला नाही.

१९८३ साली मास्तर वारले. अमीन टोपी घालून निघाला. "येतीस न्हवं? तुझं मास्तर हुतं."

"तुमी जावा," सुगरा म्हणाली आणि पुढचा फर्मा ओढून शिवायला बसली.