गाडी वळायची जागा

जगात दोनच प्रकारच्या जागा आहेत, गाडी वळते त्या आणि वळत नाही त्या, अशी आमच्या हिच्या मामांची ठाम समजूत आहे. मामा निवृत्त एसटी ड्रायव्हर. वेल्ह्यापलीकडच्या वळणांवर त्यांची नोकरी सरली आणि ती वळणं त्यांच्या खांद्यांत राहून गेली. लग्नाला गेले की अक्षता टाकायच्या आधी ते मांडवामागची जागा पावलांनी मोजून येतात. देवळात प्रदक्षिणा घालताना कोपऱ्यावर हात दाखवतात. आमचं नवं घर पाहायला आले तेव्हा दिवाणखान्यात मधोमध उभं राहून त्यांनी हवेतलं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि म्हणाले, "सोफा काढला तर मिनीबस निघंल." एवढी स्तुती आमच्या घराची पुन्हा कुणी केली नाही.

अशा माणसाच्या बोळासमोरची मोकळी जागा आमच्या नगरपरिषदेनं दुकानगाळ्यांसाठी काढली. ती जागा आगीच्या बंबासाठी राखीव होती. आरक्षण बदलायचं म्हणून लोकांकडून लेखी हरकती मागवल्या होत्या. मामांच्या घराला लागूनच एका सुताराचा कारखाना, भुशानं भरलेला. मामा त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले.

"जावई, आमच्या पासली गावाला भाताचा राब भाजायचा तर आधी चारी कडा साफ करत्यात, मंग काडी लावत्यात. हितं कडच इकायला काढलीया. बंब आत आला तर वळंल कुठं? तुमी लिवा. तुमचं मराठी चांगलंय."

शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मी लिहायला बसलो तो उठेचना. पहिल्या मसुद्यात उपरोध कमी पडला, दुसऱ्यात जास्त झाला. 'सन्माननीय सभागृह' हे शब्द सरळ ठेवावेत की चिमटा काढून, यात दोन दिवस गेले. मामा रोज सकाळी दारात उभे.

"झालं का?"

"एक परिच्छेद राहिलाय."

"दोन वळी बी चालतील की. बंब वळत न्हाई, एवढंच लिवायचंय."

मी समजुतीनं हसलो. दुसऱ्यांच्या डौलाला हसण्यात माझी हयात गेली. स्वतःचा डौल दारात येऊन बसला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. हरकती सभेच्या दिवसापर्यंत देता येतात, असं मी धरून चाललो होतो. नोटीस शेवटपर्यंत वाचली नव्हती. तिची भाषा फार रटाळ होती.

सभेचा पहिला तास सत्कारात गेला. सभागृहाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून आग विझवायचं नळकांडं त्याला टेकवून ठेवलं होतं. मामा इस्त्रीचा सदरा घालून उठले आणि माझी चार पानं पुढे केली.

"काका, मुदत काल संपली," मुख्याधिकारी साहेब म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मंग तोंडी सांगतो. एकच गोष्ट हाय."

"तोंडी हरकत नोंदवता येत नाही."

विषय सर्वानुमते मंजूर झाला. परतताना मामाच म्हणाले, "जाऊ द्या वो. लिवलंय मातर झकास."

गाळे उभे राहिले. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी सुताराचा भुसा पेटला. बंब आला, बोळात शिरला, आणि अर्ध्यात पाणी संपलं. भरून आणायला वळावं तर जागा नाही. मामा धावत मागं गेले आणि बंबाच्या पाठीवर थापा मारू लागले. "येऊ द्या... येऊ द्या... डावी मारा... बास." इंचाइंचानं त्यांनी ती गाडी उलटी बाहेर काढली. पाणी भरून ती परत येईपर्यंत कारखाना संपला होता आणि मामांचं मागचं छप्परही. माणसं तेवढी वाचली.

संध्याकाळी मामा काळ्या पडलेल्या वाशांपाशी बसले होते. मला वाटलं, आता मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"जावई, ती पानं हायती का वो? जरा वाचा."

मी घरून आणून वाचली. कुठंही उपरोध कमी-जास्त झालेला नव्हता. मामा डोळे मिटून ऐकत होते. बंबाच्या वाक्याशी आलो तेव्हा मांडीवरचे त्यांचे हात उचलले गेले, सावकाश डावीकडे फिरत राहिले, आणि कुठल्यातरी मोकळ्या जागेत गाडी पुरती वळवून मगच थांबले.