माठातलं पाणी आणि जड जीभ

उंद्रीच्या त्या शिंप्याची चौकशी आठवली की मी अजून ओशाळतो. तेव्हा मी त्या भागाचा ठाणेदार होतो.

गावातल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली होती, म्हणजे दारूचं दुकान बंद पाडलं होतं. त्यांच्यातल्याच दोघी खबर घेऊन ठाण्यात आल्या. "तो शिंपी रोज संध्याकाळी झोकांड्या खाते साहेब. जीभ वळत नाही त्याची. बायको वैतागून दोन वर्सांपासून वडनेरले माहेरी बसली. त्याले दारू कोन देते, ते पाहा."

घरझडतीत बाटली सोडा, बूचही सापडलं नाही. दुकानात शिवणयंत्र, घरात एकट्यापुरतं ताट. पुरवठा करणाऱ्याचं नाव काढायचंच म्हणून सकाळी त्याला ठाण्यात बोलावलं. माणूस चाळिशीचा, बोलणं स्वच्छ.

"म्या दारूले कधी हातच नाही लावला साहेब."

असं म्हणणारे रोज दहा भेटतात. मी विचारत राहिलो. तेच प्रश्न उलटसुलट, हवालदार लिहून घेतोय. दुपारपर्यंत त्याच्या पापण्या उतरल्या, शब्द घसरू लागले. मला वाटलं, माझ्याच ठाण्यात कुणीतरी याला पाजली! मी हवालदारालाच फैलावर घेतलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, माठातलं पानी पेला तो. बाकी काईच नाही."

मी जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. वैतागून मी जेवायला गेलो. तो बाकावर डोळे मिटून पडला होता. तासाभराने परतलो तर गडी पुन्हा सकाळसारखा बोलत होता. मी परत प्रश्न सुरू केले, जीभ परत जड झाली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. विश्रांतीनं उतरते आणि बोलण्यानं चढते अशी दारू मी नोकरीत पाहिली नव्हती.

डायरीत नोंद केली आणि मेडिकल यादी, म्हणजे दवाखान्याच्या नावे तपासणीचं पत्र, करून त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात स्वतः घेऊन गेलो. रक्तात दारू निघाली नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला छताकडे बघत राहायला सांगितलं. बघता बघता पापण्या मिटल्या. एक इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळात त्या उघडल्या.

बाईंनी मला समजेल असं सांगितलं. नसेच्या टोकातून एक रसायन सुटतं. स्नायूवर बारीक दारं असतात. रसायन दाराला चिकटलं की ते उघडतं, क्षाराचे कण आत शिरतात आणि स्नायू हलतो. याच्या शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून त्याच दारांवर तुटून पडली होती. ताजातवाना असताना उरलेल्या दारांवर भागायचं, थकला की भागत नव्हतं. आजाराचं नाव मायस्थेनिया. गोळ्यांनी आटोक्यात राहतो.

"माह्या बायकोले सांगा साहेब," तो म्हणाला. "माह्यावर तिचा इस्वास नाही."

त्याला एवढंच हवं होतं. मी वडनेर भोलजीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद त्याच्या बायकोनं उलटसुलट पाहिला, मला आजार परत सांगायला लावला. मग म्हणाली, "वास तर कधीच नोता येत साहेब. तरी म्या मानलं नाही." ती माझ्यासोबतच निघाली.

त्याला दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी मी त्याची माफी मागितली. आजारी माणसाला दिवसभर प्रश्न विचारून छळलं होतं मी.

तो हसला. "छळ कायचा साहेब? दोन वर्सांत माह्यासंग एवढं कोनीच बोललं नोतं."

बायको पिशवी भरत होती. तिचा हात तिथंच थांबला.

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारले, ते गुन्हा शोधायला. 'तुला काय होतंय?' हा प्रश्न त्या दिवशी सकाळीच विचारला असता तर तपास पाच मिनिटांत संपला असता. आता निवृत्तीनंतर बुलढाण्याच्या घरात मी एकटाच असतो. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतो. येणारेजाणारे रामराम करून पुढे जातात. तो प्रश्न कुणी विचारावा, म्हणून मी उगाच बसून राहतो.