कडेने धरणारा

दर सोमवारी सकाळी लाखनीच्या स्टँडवर नागपूरच्या बसची वाट पाहताना तो भेटतो. चहाचा कप, लग्नपत्रिका, मोबाइल, सगळं तो कडेने धरतो. नागपूरच्या प्रयोगशाळेत काचेला बोटाचा तेलकट डाग लागला की त्याचा नमुना वाया जातो. ती सवय आता बाहेरही सुटत नाही.

सोन्याचा मुलामा दिलेल्या काचेवर रेणू आपोआप एका थरात उभे राहतात. कोणता रेणू नेमका कुठे उभा राहील, हे आपल्याला ठरवता यावं, हा त्याच्या पीएचडीचा विषय आहे.

"आपोआप उभे राहतेत, तं तू इतके वर्षं काय करून राहिला बे?" चहावाल्याने आज विचारलं.

"जागा दाखवून राहिलो, काका. ऐकत नाहीत."

मागे एकदा रेणू हव्या त्या जागी आले होते. नंतर पुन्हा कधी नाही. या महिन्यात मुदत संपते. तोवर प्रबंध दिला नाही, तर नोंदणी जाईल.

"एकदा जमलं ना? मंग जमलं म्हणून लिहून टाक. कोण पाहाले येते?"

"बाकीच्या खेपा मी पाह्यल्या ना, काका."

बस आली. कंडक्टर त्याला तिकीट देऊन पुढच्या सीटकडे वळला तेव्हा तो खिडकीशी, दोन बोटांत तिकीट कडेने धरून, झोपला होता.