तांबड्या समुद्राकाठचं बारसं

अल-खोबरहून निघालो तेव्हा माझ्या मांडीवर वातींचा स्टोव्ह होता. मागच्या सीटवर माझी लेक वैशाली पोट सांभाळत आडवी झालेली, आणि गाडी चालवायला आमचे जावई जयंतराव. स्टोव्ह कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. शहाणा माणूस.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण कुवेतचं प्रकरण चिघळलं, बाकीच्या बायका भराभर मायदेशी गेल्या, तरी आमची बाई नवऱ्याला सोडून हलायला तयार नाही. हट्टीपणा कुणाचा घेतलाय ते विचारू नका. मग दिवस भरत आले आणि विमानात घेईनात. शेवटी माहेरच उठून सौदीला गेलं. सगळं जग तिकडून इकडे येत होतं आणि मी एकटी गुहागरहून डिंकाचे लाडू घेऊन उलट्या दिशेनं निघाले होते. मुंबईच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना.

मी पोहोचले आणि थोड्याच दिवसांत लढाई पेटली. भोंगे वाजायचे, खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराशी गॅसचे मुखवटे. मुखवटा चढवला की वैशालीला ओकारी यायची. आकाशात इराकचं स्कड रॉकेट फुटलं त्या दिवशी जयंतरावांनी सरळ सांगितलं, तुम्ही दोघी पश्चिमेच्या किनाऱ्याला जा. ते स्वतः अबकैकच्या तेलप्रकल्पात इंजिनियर. तिथल्या माणसांना लढाई संपेपर्यंत हलायची परवानगी नव्हती. आम्हाला पोहोचवून यायला म्हणून कशीबशी रजा मिळाली.

रस्ता म्हणजे नुसतं वाळवंट. दर थोड्या वेळानं तपासणी नाका, शिपाई आत डोकावायचा, वैशालीचं पोट बघायचा आणि ‘यल्ला’ (चला) म्हणून हात हलवायचा. रियाधला मुक्काम केला. तायफच्या पुढे घाट लागला आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. वळणावळणावर माकडं बसलेली, थेट कुंभार्ली घाटातल्यासारखी, फक्त अंगानं दांडगी. खाली उतरल्यावर मक्केचा फाटा आला. मुसलमान नसलेल्यांनी बाहेरच्या रस्त्यानं जायचं असतं, तसे आम्ही वळलो.

हॉटेल जेद्द्याच्या उत्तरेला, अगदी पाण्याला लागून. नावात मोती होता, पण मोत्यासारखं तिथे काही नव्हतं. खाऱ्या वाऱ्यानं भिंतीचे पोपडे सुटलेले, नळ रडका, आणि पलंगावर बसलं की पलंग बोलायचा. स्वस्त मात्र होतं. खिडकी उघडली तर समोर निळा, हिरवा आणि पुन्हा निळा असा समुद्र. मी जन्म समुद्राकाठी काढलेली बाई, पण या समुद्राला भरती-ओहोटी म्हणून नाहीच. सकाळी जिथे पाणी, संध्याकाळीही तिथेच. त्याचा मला फार राग आला होता. सूर्य मात्र आपल्यासारखा पाण्यात मावळायचा. खोबरला तो पाण्यातून उगवतो, ते मला कधीच पटलं नाही.

अडचण वेगळीच निघाली. घरचा पुरुष बरोबर नसलेल्या बायकांना तिथे हॉटेलात ठेवत नाहीत, आणि जयंतरावांना तर लगेच परतायचं होतं. काउंटरवर दाऊदभाई नावाचे गृहस्थ होते. आमचं बोलणं ऐकून त्यांनी मराठीत विचारलं, कुठल्या गावच्या तुम्ही? मी गुहागर म्हटलं. ते दाभोळचे निघाले. दाभोळ म्हणजे खाडीपलीकडे! त्यांनी मालकाला बोलावून आणलं. मालक म्हातारा, पांढरी दाढी, हातात जपमाळ. त्यानं वैशालीकडे एकदाच पाहिलं, दाऊदभाईंशी अरबीत दोन वाक्यं बोलला आणि म्हणाला, ‘खलास’. म्हणजे संपलं, ठरलं. आमची जबाबदारी त्यानं स्वतःच्या नावावर घेतली. जयंतराव जाताना वैशालीला म्हणाले, “मी रोज फोन करीन.” तिनं नुसती मान डोलावली. गाडी दिसेनाशी झाली तरी ती पायरीवरच बसून होती.

फोन काउंटरवर यायचा, मगरीबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजानंतर. वैशाली आधीपासून तिथे खुर्ची टाकून बसलेली असायची. दोघं काय बोलायची? आज काय जेवलीस, डबा आला का, पाय सुजलेत का. पण ते ऐकून ती रात्री झोपायची. फोनला उशीर झाला की तिचा चेहरा उतरायचा, कारण समोरच्या टीव्हीवर दिवसभर लढाईच दाखवायचे.

स्वैपाकघर दाऊदभाईंनी मला दुपारचं वापरू दिलं. त्यांनी एकदा सय्यादिया (तळलेल्या कांद्यात शिजवलेला मासे-भात) करून घातला. मी आधी नाक मुरडलं, मग दुसऱ्यांदा वाढून घेतला. अळिवाचं काय करावं या विवंचनेत होते. गुहागरहून आणलेले अळीव खोबरच्या फडताळातच राहिले होते. इथे अळीव कुठले मिळायला, असं मी दाऊदभाईंना म्हटलं, तर ते हसत सुटले. जेद्द्याच्या अत्ताराकडून (मसाले-जडीबुटीवाल्याकडून) पुडा घेऊन आले. तिथल्या बायकाही बाळंतिणीला अळीवच देतात म्हणे, त्याला हब्ब रशाद म्हणतात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

वैशालीला मुलगी झाली. इस्पितळात सगळं व्यवस्थित पार पडलं. बाळाला घेऊन हॉटेलात परतलो त्या संध्याकाळी जयंतरावांचा फोन आला. वैशालीनं तो बाळाच्या तोंडाशी धरला. माझ्या नऊवारीची झोळी करून पलंगाच्या दांड्याला बांधली. नव्या कपड्यात बाळाला गुंडाळायचं नसतं. दाऊदभाईंना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी आपल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुंग्या आणून दिल्या, त्यांची मी बाळोती शिवली.

आणि मग फोन यायचा बंद झाला.

पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं लाइन मिळत नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. टीव्हीवर पूर्व भागात रॉकेट पडून माणसं मेल्याची बातमी आली. दाऊदभाई येईल त्या प्रत्येकाकडून चौकशी करायचे. पूर्वेकडच्या लाइनी लागतच नव्हत्या. पुढे लढाई थांबल्याचं जाहीर झालं, हॉटेलातल्या लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. फोन काही वाजला नाही.

त्यातच बारावा दिवस आला. मी आयुष्यभर शाळा शिकवलेली बाई, माझं एक वेळापत्रक असतं. बारावा दिवस म्हणजे बारसं, यात विचारायचं काय? आत्या नव्हती, तर आत्याच्या जागी मी कानात नाव सांगणार होते. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते. वैशाली झोळीशी बसून होती.

“आई, नाव नाही ठेवायचं.”

मी म्हटलं, वेड्यासारखं करू नकोस, पोरीला किती दिवस नुसतं बाळ म्हणायचं?

“त्यांच्याशिवाय नाव ठेवलं तर ते येणार नाहीत असं मीच ठरवल्यासारखं होईल.”

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी तावातावानं खाली गेले. दाऊदभाईंना सांगितलं, तुम्ही तरी समजवा तिला. ते टेबल पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, “वहिनी, माझ्या चारही पोरांची नावं मला पत्रातनं कळली. धाकटीचं तर ती रांगायला लागल्यावर. घरच्यांनी रीतीनं सातव्या दिवशी ठेवली, त्यांची चूक नाही. पण राहू दे की थोडं. बापाची जागा ठेवा.”

मी वर जाऊन वैशालीच्या डोक्यावरून हात फिरवला. भिजवलेल्या हरभऱ्यांची उसळ केली आणि सगळ्या हॉटेलाला खाऊ घातली. म्हाताऱ्या मालकानं दोनदा मागून घेतली.

जयंतराव आले ते सकाळच्या वेळी. मी बाळोती वाळत घालत होते. धुळीनं माखलेली गाडी येऊन थांबली आणि त्यातून एक काळाठिक्कर, दाढी वाढलेला माणूस उतरला. मी ओळखलंच नाही. त्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा अंगाला तेलाच्या धुराचा वास आला. कुवेतच्या विहिरी जळत होत्या, त्याची काजळी खोबरपर्यंत पडत होती. प्रकल्पातून कुणाला बाहेर सोडलं नव्हतं, फोनही करता येत नव्हता. सुटल्याबरोबर हा माणूस न थांबता गाडी हाकत आला होता.

वैशाली जिन्यावर उभी होती. ती धावली नाही, हाकही मारली नाही. कठडा धरून खाली बसली आणि हमसाहमशी रडली. इतके दिवस पोर डोळ्यांतून टिपूस काढत नव्हती.

हातपाय धुऊन जयंतरावांनी मुलीला घेतलं. विचारलं, “काय नाव ठेवलंत, आई?”

“तुम्ही सांगा,” मी म्हटलं.

ते गडबडले. बापानं बारशात नाव सांगायचं ही कुठली रीत? मी म्हटलं, आजपासून आपली. ते मुलीला घेऊन खिडकीशी गेले, तिच्या कानाला तोंड लावलं आणि काहीतरी पुटपुटले. आम्हाला ऐकू गेलं नाही. आम्ही विचारणार, तेवढ्यात ते पलंगावर टेकले, आणि टेकले ते झोपलेच. मुलगी त्यांच्या छातीवर.

उठवायचं आमच्या जिवावर आलं. दाऊदभाई चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. नाव काय, असं त्यांनी खुणेनं विचारलं. मी खांदे उडवले. आम्ही तिघं खाली पायरीवर बसून गार चहा प्यायलो. नाव फक्त त्या दोघांना माहीत होतं, आणि दोघंही झोपली होती. उन्हं उतरल्यावर जयंतराव डोळे चोळत खाली आले आणि म्हणाले, सागरिका.

काजळी ओसरल्यावर ती तिघं खोबरला गेली. जेद्द्याहून मी एकटीच परत आले. लेक-नात बरोबर आणायची म्हणून गेलेली मी, पण त्या सकाळनंतर तसं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. गुहागरात बायका भेटायला येतात. लढाई कशी होती हे थोडं विचारतात, मग खरा प्रश्न येतो: बारसं कितव्या दिवशी केलंत? मी सगळ्यांना एकच सांगते, बाप आला त्या दिवशी.