बार उडायच्या आधी

आमच्या वस्तीवरच्या आत्या कुणी भेटलं की ‘जेवलीस का’ असं विचारत नसत. काखेत घमेलं धरून समोर उभ्या राहत आणि म्हणत, “डोक्यावर काय हाय?”

लोणीच्या बाजूला आमची वस्ती. नव्वदच्या दशकात तिथं उन्हाळा आला की विहिरी खोल करायची धांदल उडे. खडकाला भोकं पाडायची, त्यांत सुरुंगाची दारू ठासायची आणि बार उडवायचा. नारळाएवढाले दगड आभाळात जात आणि कुठं उतरायचं ते त्यांचं तेच ठरवत. आमच्या घरामागेच भावकीची विहीर होती.

आत्यांची तरुणपणाची वर्षं मेंढरांमागं कोकणात जाण्यायेण्यात गेली होती. पुढं शेती धरून त्या वस्तीवर स्थिरावल्या. एका उन्हाळ्यात त्यांच्या घराची कौलं फोडून दगड थेट चुलीवरच्या आमटीत पडला. आमटी किती चांगली झाली होती, हे त्या पुढं कितीतरी वर्षं सांगत. आपण चुलीपुढून नुकत्याच उठलो होतो, हे सांगायचं मात्र राहून जाई.

तेव्हापासून बाराआधी त्या दारोदार फिरत. मेंढरं वळवताना काढतात तसा जिभेचा आवाज काढत सगळ्यांना आमच्या घरी आणत, कारण वस्तीवर स्लॅबची खोली तेवढी आमचीच. मग एकेकाच्या टाळक्यावर टपली मारून मोजत. मोठमोठे बापये कुरकुरत, पण डोकं पुढं करत.

माझी त्यांची ओळख झाली ती मी नवरी होऊन आले त्या दिवशी. आमचा टेंपो ठरल्यापेक्षा लवकर पोचला आणि विहिरीत बार भरून तयार होता. भरलेला बार तसाच ठेवणं जास्त धोक्याचं. आत्या टेंपोला आडव्या आल्या. माझ्या मुंडावळ्यांवर घमेलं बसलं. नवरदेवाच्या डोक्यावर पातेलं आलं, ते थेट नाकापर्यंत. लग्नानंतर नवऱ्याचे पहिले शब्द मी ऐकले ते त्या पातेल्यातून. आपल्याला काही दिसत नाही, असं ते म्हणत होते. ढोलवाल्यानं ढोलच डोक्यावर घेतला. सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या, अजून माप मांडलं नाही म्हणाल्या. आत्यांनी मला आत ढकललं.

“माप मागनं वलांड. आदी जित्ती ऱ्हा.”

बार उडाला, पत्र्यांवर दगड वाजले. धुरळा बसल्यावर आत्यांनी मला बाहेर नेलं आणि रीतसर माप ओलांडायला लावलं.

पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. बाराआधी मोजणीत एक टाळकं कमी भरलं. ते माझ्या सासऱ्यांचं. त्यांना अजिबात ऐकू येत नसे आणि जेवण झालं की ते अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर झोपत. मी त्यांना हलवायला गेले, तर आत्यांनी माझा हात धरला.

“उठवलं तर कारण इचारत बसतील. उचला.”

आम्ही चौघींनी बाजेचे चार पाय धरले. दारात बाज अडली, तेव्हा ती तिरकी केली. सासऱ्यांनी झोपेतच बाजेच्या पायाला मिठी मारली आणि आत आले. आम्ही हसू दाबत दार लावलं, आणि बार उडाला.

बाहेर आलो तर बाजेच्या जागी कलिंगडाएवढा दगड जमिनीत रुतला होता. वरून लिंबाचा पाला गळत होता. आत्या तिथंच खाली बसल्या. तेवढ्यात सासरे दारात आले आणि घुश्शातच विचारू लागले, “माझं लिंब कुठं नेलं?”

आम्ही हसलो ते पोट धरून. आत्याही हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कळंबला गेल्या आणि रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यांकडून ट्रकचे झिजलेले टायर टेंपोत घालून आणले. उतरवताना एक टायर उताराला लागला. तो पुढं, आत्या मागं, आणि चुकार मेंढीला द्यावी तशी त्याला एकेक शिवी. टायर देवळापुढं पारावर गप्पा मारणाऱ्यांत शिरला आणि चक्कर घेऊन आडवा झाला. सगळे पांगले होते. आत्या धापा टाकत म्हणाल्या, “उठलाच हाय, तर हात लावा.” ते सगळे टायर ढकलत विहिरीपर्यंत आले.

बारवाला तयार नव्हता. त्याचा वेळ जाणार होता. आत्या काठावर मांडी घालून बसल्या.

“आदी झाकण, मंग बार. न्हाईतर मी हितंच हाय.”

त्यानं दुपारभर वाट पाहिली आणि हार मानली. टायर तारेच्या दोरानं एकमेकांना बांधले, विहिरीतल्या भोकांवर अंथरले, वर वाळूची पोती ठेवली. त्या दिवशी बार नुसता धप्प वाजला. टायर ठसका लागल्यासारखे उडाले आणि परत बसले. दगड एकही वर आला नाही. आत्या खोलीतून बाहेर येऊन आभाळाकडं बघत राहिल्या, येतो म्हणालेले पावणे आलेच नाहीत अशा. मलबा उपसल्यावर कोपऱ्यात पाणी लागलेलं दिसलं.

त्यानंतर ते टायर विहिरीविहिरीवर फिरले, आणि ते नेलेत तसेच परत येतात की नाही हे बघायला आत्याही.

पुढं काही वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, सकाळचा चहा पिऊन त्या भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. निरोप कळला तशी हातातली कामं टाकून सगळी वस्ती त्यांच्या दारात गोळा झाली. विहिरीवरची मोटर बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. दिवसभर पाणी पाटातून धावत राहिलं, कांद्याचे वाफे भरून बांधावरून उतरलं, आणि त्यांना घेऊन आम्ही निघालो तेव्हा सगळी वाट ओली झालेली होती.